काचेतलं सोडियम

सरांच्या खोलीत खुर्ची नव्हती. कॉलेजनं दिलेली खुर्ची त्यांनी पहिल्याच वर्षी ग्रंथालयाला देऊन टाकली आणि सुताराकडून छातीइतकं उंच टेबल करून घेतलं. त्यावर ते उभ्याउभ्या लिहीत, उभ्याउभ्या वाचत, आणि दर चार ओळींनंतर खिडकीपर्यंत जाऊन येत. भेटायला आलेला माणूस आधी खुर्ची शोधी, मग भिंतीला टेके, मग या पायावरचा भार त्या पायावर करत दहा मिनिटांत निघून जाई. प्राचार्यसुद्धा असेच निघून जात.

वर्गातही तेच. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या वर्गाला दोन दारं होती. सर मागच्या दारानं बोलत बोलत शिरत आणि रंगात आले की बोलत बोलतच पुढच्या दारानं बाहेर पडत. व्हरांड्यातून त्यांचा आवाज येत राही, मुलं माना वळवून तो वहीत उतरवून घेत, आणि वाक्याचा शेवट घेऊन सर पुन्हा मागच्या दारात उगवत. नवी मुलं हसत. जुनी त्यांना सांगत, "हसू नका. परीक्षेत येणारं सगळं ते व्हरांड्यातच सांगतात."

बेळगाव म्हैसूर राज्यात आलं त्याच्या पुढच्या जूनमध्ये मी बंगळूरच्या या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले. बसवनगुडीत मावशीकडे राहायचे. पहिल्या दिवशी सरांपुढे उभी राहून कन्नडमध्ये माझी माहिती सांगायला लागले, तर दुसऱ्याच वाक्याला त्यांनी हात वर केला.

"मराठी की?"

"हो सर. बेळगावची."

"मग मराठीत बोल की. आमचे लोक तीनशे वर्षांमागं फौजेबरोबर इकडं आले नि इकडंच राहिले. तुमची मराठी वारा लागलेली, आमची डब्यात झाकून ठेवलेली. स्वल्प वास येईल. सांभाळून घे."

त्या दिवसापासून मी 'बेळगाव' झाले. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

सरांना एका प्रश्नानं पछाडलेलं होतं. बेळ्ळंदूरच्या तळ्यात नायटेला नावाची एक पाणवनस्पती उगवते. हिरव्या दोऱ्यासारखी. तिची गंमत अशी, की तिची एकेक पेशी बोटाच्या दोन पेरांएवढी लांब असते. इतर झाडांच्या पेशी बघायला सूक्ष्मदर्शक लागतो, ही चिमट्यात धरून उन्हात बघता येते. तिचं टोक कापलं, हलकेच दाबलं, की आतला रस थेंबभर बाहेर येतो. त्या रसात पोटॅशियम असतं, बाहेरच्या तळ्यातल्या पाण्यापेक्षा कितीतरी पट जास्त.

"बाहेर एवढंसं, आत एवढं," सर म्हणत. "उतारावरून पाणी खाली येतं, वर चढत नाही. हे पोटॅशियम वर चढतंय. म्हणजे कुणीतरी ते उचलून आत घेतंय. कोण?"

त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. पेशीच्या आवरणात प्रथिनांचे रेणू बसवलेले आहेत आणि तेच हे क्षार आतबाहेर नेतात. तेव्हा हे रेणू कुणी पाहिलेले नव्हते. पुष्कळ विद्वान तर आवरणाला नुसती चाळण समजत. सरांनी पेशी हळूहळू तापवत नेल्या आणि दाखवलं, की एका ठराविक तापमानाला पोटॅशियम आत जाणं एकदम थांबतं. "अंड्याचा पांढरा भाग तापवला की गोठतो ना, तसं काहीतरी तिथं गोठतं. चाळण गोठत नाही."

रविवारी सकाळी आम्ही सर्जापूरच्या बसनं जायचो आणि मधे उतरून तळ्यापर्यंत चालायचो. सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरत. काठावर कपडे धुणाऱ्या बायकांना कन्नडमध्ये विनवत, "अम्मा, माझी बाटली भरेपर्यंत साबण नको." त्या "सरी स्वामी", म्हणजे बरं, म्हणत आणि धोपटणं चालूच ठेवत. मग सर आणखी आत, कमरेएवढ्या पाण्यात जात. एकदा चष्मा पडला. तो शोधताना त्यांना नायटेलाचा इतका सुरेख झुबका सापडला, की चष्म्याचं ते विसरूनच गेले. परतताना त्यांना बसची पाटी मी वाचून दाखवली.

शेंगदाण्यांना प्रयोगशाळेत सक्त बंदी. खारवलेले दाणे, म्हणजे कडलेकाई, खाल्लेली बोटं पाण्याला लागली तर महिन्याचं काम वाया जाईल, असं ते सांगत. दारात येणाऱ्या प्रत्येकाची बोटं हुंगत. प्राचार्यांचीही हुंगली होती.

आणि ते टपाल कचेरीचं प्रकरण. सर आठवडाभर रोज अकरा वाजता कॉलेजजवळच्या टपाल कचेरीत जाऊन भिंतीशी उभे राहू लागले. हातात घड्याळ, वही. तिकिटाच्या खिडकीशी किती माणसं रांगेत आहेत आणि दर पाच मिनिटांत किती सुटतात, एवढंच टिपायचं. पोस्टमास्तर घाबरले. त्यांना वाटलं, वरून कुणी तपासणीला पाठवलंय. शेवटी त्यांनी प्राचार्यांना पत्र लिहिलं. प्राचार्यांनी सरांना बोलावलं, आणि सरांनी मला बरोबर नेलं.

"रांग दुप्पट झाली तरी खिडकीतून सुटणारी माणसं तेवढीच राहतात," सर प्राचार्यांच्या खोलीत येरझारा घालत म्हणाले. "कारण आत एकच कारकून आहे. त्याचे हात दोन. तिथं नुसतं भोक असतं, तर जेवढी गर्दी तेवढी माणसं पार झाली असती. माझ्या पेशीचं असंच आहे. बाहेर पोटॅशियम वाढवत गेलो, तर एका मर्यादेनंतर आत जाण्याचा वेग वाढत नाही. म्हणजे भोक नाही. कारकून आहे."

"ते मला कळलं," प्राचार्य म्हणाले, "पण त्यासाठी टपाल कचेरीत कशाला जायचं?"

"खात्री नको?" सर आश्चर्यानं म्हणाले.

अशा माणसाच्या हाताखाली मी कामाला होते, आणि पहिल्याच ऑगस्टमध्ये माझ्या हातून एक गोष्ट झाली.

सरांकडे परदेशी कडक काचेच्या चोवीस परीक्षानळ्या होत्या. बारा नळ्यांना काळा कागद कायमचा चिकटवलेला होता. त्या अंधारातल्या प्रयोगांसाठी. बारा उघड्या, उजेडातल्या प्रयोगांसाठी. एका दुपारी धुतलेल्या उघड्या नळ्यांचा स्टँड माझ्या हातून निसटला. बाराच्या बारा गेल्या. सर तळ्यावर गेले होते. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती, सहा महिन्यांनी कायम व्हायची होती. बेळगावला परत गेले असते तर घरचे लग्न उरकायलाच बसले होते. मी तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळले, अव्हेन्यू रोडच्या बाजारात गेले, आणि हुबेहूब तेवढ्याच बारा नळ्या आणून स्टँडमध्ये लावल्या. कडेनं पाहिलं तर त्यांच्या काचेत किंचित हिरवी झाक होती. समोरून काही कळत नव्हतं. सरांना कळलं नाही. मी सुटकेचा श्वास टाकला आणि काही महिन्यांत ते विसरूनही गेले.

पुढच्या वर्षी सरांनी मोठा प्रयोग हाती घेतला. त्यांचा तर्क असा होता, की जे प्रथिन पोटॅशियम आत घेतं तेच त्याच वेळी सोडियम बाहेर टाकतं, आणि हे काम उजेडातच होतं. आम्ही सोडियम नसलेल्या पाण्यात पेशी ठेवायचो, बारा नळ्या उन्हात, बारा अंधारात, आणि मग बाहेरच्या पाण्यात सोडियम किती आलं ते मोजायचो. मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका वैद्यकीय प्रयोगशाळेत होतं. ते पाण्याचा फवारा ज्योतीत जाळून ज्योतीच्या रंगावरून क्षार मोजी. शनिवारी दुपारी आम्हाला ते वापरू देत. सर नमुने जेवणाच्या डब्यात घालून सायकलला लटकवून नेत आणि मी बसनं मागून जायची.

निकाल पाहून सर नाचायचे बाकी राहिले. उजेडातल्या नळ्यांत सोडियम, अंधारातल्या नळ्यांत जवळजवळ नाहीच. दर शनिवारी तेच. दोन वर्षं. सरांनी आलेख काढला. उजेडाची रेघ वर चढत गेलेली, अंधाराची तळाशी झोपलेली. इतका स्वच्छ आलेख मी कधी पाहिला नव्हता. शहरात शास्त्रज्ञांची एक सभा भरणार होती, परदेशातून एक मोठे प्राध्यापक येणार होते. त्यांना हा आलेख पटला तर ते सरांना आपल्या प्रयोगशाळेत बोलावणार, असं पत्रानं जवळजवळ ठरलं होतं. पन्नाशीला आलेल्या सरांनी गरम कोटाचं मापसुद्धा दिलं होतं.

सभेच्या आधीच्या आठवड्यात माझ्याकडून चुकून एक उघडी नळी पेशी न घालता, नुसत्या शुद्ध पाण्यानं भरून उन्हात राहिली. ती शनिवारी डब्यातून तशीच यंत्रावर गेली. सर बाहेर व्हरांड्यात फेऱ्या मारत होते. यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञानं आकडा सांगितला. नेहमीचाच आकडा. मी वहीत नळीचा क्रमांक पाहिला, पुन्हा पाहिला. त्या नळीत नायटेला नव्हतीच. सोडियम काचेतून पाझरत होतं. मी बाजारातून आणलेल्या नळ्या साध्या काचेच्या होत्या, अंधारातल्या तेवढ्या जुन्या, कडक काचेच्या. साध्या काचेत सोडियम असतं आणि उन्हात तापली की ती ते पाण्यात सोडते, हे मी स्वतः मुलांना शिकवत होते. कोऱ्या पाण्याची तपासणी सरांनी अगदी सुरुवातीला करून ठेवली होती, पण ती जुन्या नळ्यांत.

चार दिवस मी गप्प राहिले. जेवण जाईना. मावशीला वाटलं, ताप आहे. पाचव्या दिवशी सकाळी मी एक हिरवी नळी पदरात गुंडाळून चामराजपेठेतल्या सरांच्या घरी गेले. सर अंगणात येरझारा घालत भाषण पाठ करत होते. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळेच अक्का म्हणत, पायरीवर बसून कागदावरून त्यांचं भाषण तपासत होत्या.

मी सगळं सांगितलं. सरांनी नळी घेतली, उन्हात आडवी धरली.

"किती?"

"बारा."

"केव्हापासून?"

"पहिल्या ऑगस्टपासून."

"म्हणजे सगळंच," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. तसा मी आधी कधी ऐकला नव्हता. "दोन वर्षं! दोन वर्षं तू माझ्याजवळ उभी राहून ते आकडे लिहिलेस! फुटल्या म्हणून सांगितलं असतंस तर मी काय तुला खाल्लं असतं?"

"चुकलं सर. मी राजीनामा देते."

"राजीनामा द्यायला अक्कल लागत नाही. जा, बाराही नळ्यांत कोरं पाणी भर आणि उन्हात ठेव. एका नळीवरून काही सिद्ध होत नाही."

अक्का मला म्हणाल्या, "आत जाऊन तोंड धू." मग सरांना हलक्या आवाजात, पण मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सभेला जाऊ नका. बरं नाही म्हणून कळवा. पुढच्या वर्षी नीट करून दाखवा."

सर फाटक उघडून निघून गेले.

बाराही नळ्यांनी तेच सांगितलं. सर त्या दिवसांत माझ्याशी कामापुरतं बोलत. 'बेळगाव' म्हणणं बंद झालं होतं, नुसतं "ए" म्हणत. मला ते फार लागलं.

सभेला मी मागच्या रांगेत बसले. सर इंग्रजीत बोलले. आधी पोटॅशियमचं, तापवलेल्या पेशींचं, मग मर्यादेनंतर न वाढणाऱ्या वेगाचं. ते सगळं खणखणीत होतं, त्यात त्या नळ्यांचा संबंध नव्हता. लोक माना डोलवत होते. मला वाटलं, आता इथंच थांबतील आणि खाली उतरतील. पण त्यांनी सोडियमचा मोठा आलेख उलगडला आणि फळ्याला टाचला. पहिल्या रांगेतले परदेशी प्राध्यापक पुढे वाकले. सरांनी उजेडाच्या चढत्या रेघेवर बोट ठेवलं.

"ही रेघ सुंदर आहे," ते म्हणाले. "पण ती माझ्या वनस्पतीची नाही. काचेची आहे."

सभागृहात कुणीतरी हसलं. सरांनी शांतपणे सगळं सांगितलं, कोऱ्या पाण्याचे आकडेसुद्धा. "प्रयोगशाळेत नळ्या बदलल्या गेल्या होत्या. मी त्या तपासल्या नाहीत. चूक माझी."

मी खुर्चीची कड घट्ट धरून बसले होते. ते माझ्याकडे बघतील असं वाटत होतं. त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

प्राध्यापकांनी सौम्यपणे विचारलं, "तरीही तुमचा तर्क बरोबर आहे असं तुम्हाला वाटतं?"

"वाटतं. ठाऊक नाही," सर म्हणाले, आणि आलेख गुंडाळून बाजूच्या दारानं बाहेर पडले.

परदेशाचं बोलावणं आलं नाही. प्राध्यापकांचं एक आदरानं लिहिलेलं पत्र तेवढं आलं. सरांनी ते मला वाचायला दिलं, आणि दुसऱ्या दिवशी व्हरांड्यातून हाक आली, "बेळगाव, रविवारी बस किती वाजता?" मी प्रयोगशाळेत एकटीच होते. स्टुलावर बसून रडून घेतलं.

कडक काचेच्या नळ्या मिळवून आम्ही प्रयोग पुन्हा केला. पण खरं सोडियम इतकं थोडं होतं, की ते यंत्र धड हो म्हणेना, धड नाही म्हणेना. सर आणखी वर्षभर झगडले. मग मला धारवाडला लेक्चररची जागा मिळाली आणि मी गेले. पुढे कॉलेजनं प्रयोगशाळेची ती खोली प्राणिशास्त्राला दिली, असं कळलं.

काही वर्षांनी धारवाडच्या ग्रंथालयात परदेशी नियतकालिक चाळताना मला तो लेख दिसला. नायटेलाच. किरणोत्सारी सोडियम-पोटॅशियम वापरून तिकडच्या संशोधकांनी अगदी बारीक मोजमाप केलं होतं. उजेडात पोटॅशियम आत, सोडियम बाहेर, दोन्ही एकमेकांना जोडलेली. सर म्हणत होते तेच. मी दोन दिवस बसून तो लेख हातानं उतरवून काढला आणि गाडीनं बंगळूर गाठलं.

सर निवृत्त झाले होते. केस पांढरे, चाल तीच. अंगणातच त्यांनी माझ्या हातचे कागद घेतले आणि तुळशीकट्ट्याभोवती फिरत फिरत वाचले. अक्कांनी कॉफी आणली, ती निवून गेली. पूर्ण वाचून झाल्यावर ते पुन्हा पहिल्या पानावर गेले.

"बरोबर होता तुम्ही," मी म्हटलं. "सुरुवातीपासून."

"हो की." त्यांनी चष्मा काढून पुसला. "चांगलं काम आहे. फार चांगलं."

मला राहवलं नाही. इतकी वर्षं मनात होतं ते बोलून गेले. "माझ्यामुळं तुमचं नाव यात नाही."

ते चालायचे थांबले. "उलटं आहे, बेळगाव. तू त्या दिवशी घरी आली नसतीस तर माझं नाव असतं. यांच्या आधी. हे लोक माझ्या मागून आले असते आणि म्हणाले असते, त्या बंगळूरच्या माणसाचं बरोबर होतं. माझी रेघ काचेची होती, हे कुणालाही कधीच कळलं नसतं. कारण गोष्ट खरी निघाली."

मी हे कधी मनातही आणलं नव्हतं.

"मग मी सांगायला नको होतं?"

"अय्यो, आल्याआल्या काय हे," अक्का मधे पडल्या. "कॉफी घ्या आधी."

सरांनी ते ऐकलंच नाही. तीन फेऱ्या झाल्या, चार झाल्या. "हेच मी रोज सकाळी उठून स्वतःला विचारतो. हा लेख यायच्या आधीपासून. आपण म्हणत होतो ते उद्या खरं निघालं तर काय, असं वाटायचं. रोज उत्तर निराळं येतं. कधी वाटतं, पोरीनं मला वाचवलं. कधी वाटतं, चार दिवस गप्प बसलीस, आणखी चार बसली असतीस तर काय बिघडलं असतं! मग माझीच मला लाज वाटते. मग दुपार होते."

अक्कांनी आग्रह करून जेवायला घातलं. सर ताट हातात घेऊन उभ्यानंच जेवले, आणि त्या परदेशी लेखात अंधाराचे आकडे कमी का दिलेत यावर माझ्याशी भांडले. संध्याकाळच्या गाडीसाठी निघाले तेव्हा ते बसच्या थांब्यापर्यंत सोडायला आले. मी नमस्कार केला, त्यांनी नुसती मान हलवली.

बस सुरू झाली. मी खिडकीपाशी जागा धरली, तर सर बसच्या बरोबरीनं भराभर चालत येत होते, धोतर एका हातात धरून.

"बेळगाव!" ते ओरडले. बसमधले सगळे वळून बघायला लागले. "आज उत्तर 'बरं केलंस' असं आहे! उद्याचं मला विचारू नको!"